बाकड्याखालचे तीन थेंब

दिवाळी अंकाच्या मंडळींनी विचारलं, "वसंतराव, आयुष्यभर काय केलंत ते लिहून द्याल का?" मी म्हटलं, "बाकडी केली." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनय दाखवतोय. विनय आमच्या सात पिढ्यांत नाही. खरंच बाकडी केली. एसटीच्या थांब्यावरची, देवळापुढची, नदीकाठची, स्मशानाबाहेरची. पेण ते रोहा या पट्ट्यात तुम्ही कधी दमून टेकला असाल, तर बहुतेक माझ्याच लोखंडावर टेकला असाल.

बाकडं बनवणं ही काही मोठी विद्या नाही. पाइप कापा, पट्ट्या जोडा, रंग मारा, दिवस मावळायच्या आत बाकडं उभं. ते उद्या तिथंच असेल, पुढच्या वर्षीही असेल, हे बघणं हा खरा धंदा. त्या धंद्यात माझं नाव होतं. "वसंताचं बाकडं हलत नाही," असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून फुगायचो. त्या फुगण्यातच माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. त्यापायी एका निरपराध माणसाचा हात मोडला आणि त्याचं नाव चोर म्हणून झालं. हात कसाबसा जुळला. नावाचं मला काही करता आलं नाही. हे लिहायला बसलोय ते त्या माणसासाठी. बाकीचं ओघात येईल ते येईल.

माझी शेड पेणला, हायवेकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मी सुरुवात केली तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबाच म्हणायचे. शेजारी गणपतीचा कारखाना. माझ्या ठिणग्या त्यांच्या गोणपाटांवर उडायच्या आणि त्यांची पांढरी धूळ माझ्या ओल्या रंगावर बसायची. वर्षभर भांडायचो, गणपती जवळ आले की दोघंही तोंड बंद ठेवायचो.

सुरुवातीला मी लाकडी पट्ट्यांची बाकडी करायचो. दिसायला झकास. रोह्याला नदीकाठी अशी चार बसवली, एका दुकानदारानं वडिलांच्या नावानं दिलेली. आता आमच्याकडं होळीचं लाकूड मागून आणत नाहीत, चोरून आणतात. तो रिवाजच आहे, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानदार तणतणत शेडवर आला. "वसंता, पट्ट्या कुठं गेल्या रे माझ्या बापाच्या?" मी म्हटलं, "शेठ, काल संध्याकाळी तुम्ही नारळ घेऊन प्रदक्षिणा घातलीत ना, त्याच त्या." त्यानंतर माझ्या बाकड्याला मी लाकूड लावलं नाही.

लोखंडाचे हाल वेगळे. आमच्याकडची हवा खारी. रंगाला नखाएवढा ओरखडा गेला की आठ दिवसांत तिथं गंज दिसतो. आणि भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंडाला भाव असतो, म्हणून चोर. मी पाय पोकळ पाइपचे करायचो आणि त्यात सिमेंट-खडी ठासायचो. म्हणजे ते कापता येत नाही आणि नेलं तरी भंगारात घेत नाहीत. पायांची टोकं चिरून जमिनीखाली फाकवायचो. नट घट्ट केला की वर वेल्डिंगचा थेंब टाकायचो, मग पाना चालत नाही. चोराला घाई असते. त्याचा अर्धा तास जास्त गेला की तो दुसरीकडं जातो.

रागानं मोडणाऱ्याचं तसं नसतं. त्याला काही न्यायचं नसतं, त्यामुळं घाईही नसते. निडीकडच्या एका गावात थोरल्या भावानं बापाच्या नावानं बाकडं दिलं आणि खाली देणगीदार म्हणून स्वतःचंच नाव घातलं. धाकटा रोज सकाळी गोठ्यातलं शेण आणून त्याच्यावर टाकायचा. दीड वर्ष टाकलं. शेवटी मी जाऊन धाकट्याचंही नाव घातलं, तेव्हा थांबला. असल्या माणसापुढं नट-बोल्टचा काही उपयोग नसतो. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता सदूबद्दल सांगतो.

सदू सायकलवरचा भंगारवाला. पेणपासून गडब, नागोठणे, कधी कधी पार रोह्यापर्यंत फिरायचा. कॅरिअरला दोन्ही बाजूंना गोणी, हँडलला तराजू. पहिल्या भेटीत मी त्याला शेडमधून हाकलला होता. तर बाहेर उभा राहून म्हणतो, "वसंतशेट, तुम्ही लोखंड कितीबी गाडा हो. घेणारा हाय तवर चोरणारा हाय. घेणाऱ्याशी दोस्ती करा." मी पाना खाली ठेवला. एवढं अकलेचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आमचं ठरलं. प्रत्येक बाकड्याच्या बसायच्या पट्टीखाली, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, मी वेल्डिंगचे तीन थेंब ओळीनं टाकायचे. तीन थेंब दिसले की सदूनं तो माल घ्यायचा नाही, आणि त्याच्या ओळखीच्या सगळ्या काट्यांवर तसं सांगून ठेवायचं. रंग खरवडता येतो, कोरलेलं घासता येतं, पण थेंब कोणाच्या डोळ्यात भरत नाहीत. एकदा रोह्याला नदीकाठचं बाकडं गेलं. मला पत्ताही नव्हता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सदू घामानं निथळत शेडवर. "शेट, तुमचे तीन थेंब बगितले एका वखारीत. कापायच्या आत चला." ते बाकडं आम्ही दोघांनी टेम्पोत घालून परत बसवलं. लोक म्हणाले, वसंताचं बाकडं चोरीला गेलं तरी परत येतं. मी सदूचं नाव कुठं घेतलं नाही. धंद्याचं गुपित म्हणून घेतलं नाही, असं तेव्हा मनाला सांगितलं.

त्यानंतर काही वर्षांनी दामाअण्णा म्हात्रे माझ्याकडं आले. गडबच्या खालच्या अंगाला, खाडीकडच्या खारेपाटातले. गावाचं नाव सांगत नाही, गावाला ते कळेल. तिथली शेती खाडीच्या पाण्याच्या खाली. मधे मातीचा बांध, म्हणून भात पिकतं. उधाणाला बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. मग ज्याच्या शेतात पाणी शिरलं तो आणि ज्याच्या नाही तोसुद्धा, सगळा गाव चिखल घेऊन धावतो. दामाअण्णांचा एकुलता मुलगा नरेश असाच धावला होता. खांडीच्या तोंडाशी उभा राहून चिखलाचे गोळे टाकत होता आणि त्याच्या पायाखालचीच कड सुटली. होड्या घेऊन लोकांनी तीन दिवस शोधला, पार धरमतरपर्यंत. मिळाला नाही. सव्वीस वर्षांचा होता.

वर्ष सरल्यावर दामाअण्णा आले ते हे सांगायला. "जालायला काय गावला नाय," ते म्हणाले. "रक्षा नाय, काय नाय. मना बसाया कुटंतरी जागा पायजे वसंता. बाकडा कर. आनि असा कर का कोनाच्या बापाला हालवता येनार नाय."

मी जीव ओतून केलं. बांधाच्या तोंडाशी एसटी वळते तिथं, भेंडाच्या झाडाखाली बसवलं. पाठीच्या पत्र्यावर पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं, कै. नरेश दामा म्हात्रे. खाली तीन थेंब. दामाअण्णांनी हार घातला. त्यांची बायको पारूमावशी लांब ओट्यावर बसून होती, ती आली नाही.

महिन्यानं दामाअण्णांचा निरोप, कोणीतरी नाव खरवडलंय. जाऊन बघितलं. 'कै.' तेवढं गेलं होतं, बाकी नाव शाबूत. मी आपला जाणकार. म्हटलं, "डावीकडनं सुरुवात केली, तेवढ्यात चाहूल लागली, पळाला." परत रंगवलं, पंधरा दिवसांत परत तेच. म्हटलं, "परत चाहूल लागली." आता लिहितानाही माझीच मला चीड येते. दोनदा चाहूल लागते आणि दोनदा नेमक्या त्याच जागी? आणखी एक गोष्ट मी बघितली होती. बाकीच्या नावावरून कोणीतरी खोबरेलाचा बोळा फिरवलेला होता. एवढ्या खाऱ्या हवेत पत्र्याला एक डाग नव्हता. मला वाटलं, अण्णाच पुसत असतील. विचारलं नाही.

दामाअण्णांचा संताप वाढत चालला. "माज्या पोराचा नाव कोन पुसतंय? मेल्यावरबी तेला सुक नाय?" मग मी ठरवलं, आता बघतोच. पत्रा काढून जाड प्लेट लावली आणि तिच्यावर वेल्डिंगच्या धारेनं अक्षरं उठवली. बोटानं चाचपून आंधळ्यानं वाचावीत अशी. 'कै.' तर मी दोन थर देऊन काढलं. गावातल्या चारचौघांसमोर म्हणालो, "आता छाती असेल तर पुसा."

फाल्गुन संपता संपता पुन्हा बोलावणं. या वेळी 'कै.' गेलं नव्हतं, पण त्याच्यावर बारीक बारीक टोचे होते. शेकडो. कोणीतरी दिवसामागून दिवस, ठोक्यामागून ठोका घालून लोखंड टवकत बसलं होतं. मात्रेचं टोक उडालं होतं. दामाअण्णा आणि गावातले सात-आठ जण भोवती उभे. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत, कारण मी जाणकार. मी वाकलो, बोट फिरवलं आणि म्हणालो, "हे छिन्नीचं काम. आणि छिन्नी घेऊन कोण फिरतो? भंगारवाला."

एवढंच. कोणाचं नाव मनात नव्हतं. म्हणायला काहीतरी हवं होतं, माझ्या दोन थरांना कोणी भीक घातली नाही म्हणून रागही आला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या बाजूला फिरणारा भंगारवाला एकच होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. चहा पिऊन मी परत आलो.

पुढं दोन आठवडे सदू शेडवर फिरकला नाही. मग गडबचा एक टेम्पोवाला सळया न्यायला आला. तो खुशीत सांगायला लागला, "तुमचा चोर गावला हो. त्या बाकड्यावरच बसला व्हता, भर दुपारी. गोणीत छिन्नीबी सापडली. असा धुतलाय का काय सांगू. सायकल तर खाडीतच टाकली."

मी त्याच्या सळया तशाच टाकून निघालो.

सदू पेणला डोंगराच्या बाजूच्या वस्तीत राहायचा. गेलो. दारातच बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ओठाची जखम सुकत आली होती. मला बघून उठला, डाव्या हातानं घोंगडी पुढं सारली. "बसा शेट."

मी बसलो. त्यानंच विचारलं, "छिन्नी म्हनून तुम्ही बोललात व्हय?"

"तुझं नाव नाही घेतलं मी, सदू."

"नाय घेतलंत. त्यांनीबी तेच सांगितलं मारताना. वसंतशेटनी नाव नाय घेतलं, पन खूण सांगितली."

"तू तिथं बसायचास कशाला?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला की मला दुसरीकडं बघावं लागलं. "त्या बाजूला सावली कुटं हाय? भाकरी खायला बसायचो. पैल्या दिवशी वाकून बगितलं, खाली तीन थेंब. म्हटलं, हे आपलंच बाकडं हाय. बसायला कोन काय बोलनार?"

घरात त्याची बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही, चहाचंही विचारलं नाही. बरोबरच होतं तिचं.

मी म्हटलं, "मी गावात जातो. सगळ्यांसमोर सांगतो."

"काय सांगनार? कोन हाय ते ठावं हाय का तुम्हाला?"

ठाऊक नव्हतं. म्हणून मी ते शोधायचं ठरवलं. वैशाखातली दुपार निवडली. त्या वेळी खारेपाटात कुत्रंसुद्धा बाहेर नसतं आणि एसटी साडेतीनशिवाय येत नाही. बांधापलीकडं मिठागरातल्यांची एक नारळाच्या झापांची खोपी होती, तिथं जाऊन बसलो. तीन दुपारी काही झालं नाही. डोळ्यांची आग झाली. वेल्डिंगनं आधीच अधू झालेले डोळे, त्यात मिठाची चकाकी.

चौथ्या दुपारी पारूमावशी आली.

हातात तेलाची बाटली आणि कालवं खडकावरून काढायचं टोकदार लोखंड. आधी तिनं पदरानं बाकडं पुसलं. मग बोळा तेलात बुडवून एक एक अक्षर पुसलं, न, रे, श, बापाचं नाव, आडनाव, सगळं. लहान मुलाला न्हाऊ घालायच्या आधी तेल लावतात तसं, अगदी कानाकोपऱ्यातून. मग ती डावीकडं सरकली, लोखंड धरलं आणि 'कै.'वर टोचायला लागली. टक, टक, टक. जोर नव्हता तिच्या हातात. पण थांबत नव्हती.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती दचकली नाही, घाबरली नाही.

"मावशी, हे काय?"

"यो काडून टाक," ती म्हणाली. "तू घातलास ना, तूच काडून टाक. माज्यानं निंगत नाय."

"अगं, पण अण्णांनी..."

"त्यांना बसाया पायजे. बसू देत. मी नाय बोलत नाय. नाव असू दे. पन तो मेला असा कोनी बगितला? पान्यानं न्हेला. पानी देतो परत. आज नाय दिला, उंद्या देल." मग बोट त्या अक्षरावर ठेवून म्हणाली, "आनि समज, तो आला. एसटीतना उतारला, हितंच बसल तो, दुसरा कुटं बसल? आनि त्यानं यो वाचला, तर काय म्हनल? का पान्यानं नाय मारला, घरच्यांनीच मारला."

मी बाकड्यावर बसलो आणि म्हटलं, "मावशी, त्या भंगारवाल्याचा हात मोडलाय. तो काही करत नव्हता."

"मी बगत व्हते," ती म्हणाली. "वट्यावरना सगला बगत व्हते. तो वरडत व्हता, मी नाय, मी नाय. माज्या तोंडातना शबूद नाय निंगाला." मग माझ्याकडं बघून, अजिबात आवाज न चढवता, "तू बोललास, मी बोलले नाय. दोगांनी मारला त्याला."



दुसऱ्या दिवशी मी कटर घेऊन गेलो आणि स्वतःच्या हातानं 'कै.' कापून प्लेट घासून साफ केली. एवढ्या वर्षांत माझं काम मी कापलं ते एकदाच. नावाच्या आधी चार बोटं जागा मोकळी राहिली. दामाअण्णा आले, बघत उभे राहिले. मी म्हटलं, "वेल्डिंगमधे खोट होती अण्णा, सगळीच अक्षरं सुटून आली असती." अण्णा भांडतील असं वाटलं होतं, पण मान हलवून निघून गेले.

मग देवळापाशी चारचौघांना गाठून सांगितलं, "भंगारवाला नव्हता तो. माझं चुकलं. ते टोचे छिन्नीचे नव्हते."

"मग कोन व्हता?" त्यांनी विचारलं.

तिचं नाव घेतलं असतं तर सदू सुटला असता. तिचं काय झालं असतं, तेही मला दिसत होतं. गावानं तिला वेडी ठरवलं असतं, आणि नवऱ्यापुढं ती कोणत्या तोंडानं उभी राहिली असती? मी म्हटलं, "माहीत नाही." ते हसले. एक जण म्हणाला, "शेट, तुमच्याकडं भंगार विकतो म्हनून कळवळा आला व्हय?" मी उठून चालायला लागलो. दोघांतून एकाला वाचवता येत होतं आणि मी तिला वाचवलं. आजही तसंच केलं असतं का, ते सांगता येत नाही.

सदूचा हात वाकडाच जुळला. त्याला तराजू धरता येईना. मी सायकल घेऊन दिली, ती त्यानं परत पाठवली. शेडमधे कामाला ये म्हटलं, आला नाही. "लोक म्हनतील, चोराला ठेवलाय," एवढंच बोलला. मग बायकोला घेऊन रोह्याकडं तिच्या माहेरी गेला आणि तिकडंच वारला. मला महिन्यानं कळलं.

यानंतर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दामाअण्णा एसटीनं पेणला आले. काठी टेकत शेडमधे आले आणि माझ्या स्टुलावर बसले. पारूमावशी गेल्याचं मी ऐकलं होतं.

"तिचाबी एक बाकडा कर," ते म्हणाले. "नरेशच्या बाजूलाच. नुसता नाव घाल. पुडं काय घालू नको."

'कै.'साठी ज्यांनी माझ्याकडून दोन थर घालून घेतले, तेच हे अण्णा. "का हो अण्णा?"

"नाय घालवत," ते म्हणाले. "तिच्या नावापुडं नाय घालवत मना. आता कलला मना, ती काय म्हनत व्हती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कालवांचा लोकांड घरात बोथट पडलेला बगितला. हाताला तिच्या खोबरेलाचा वास. ज्या दिवशी तू येऊन बगितलास ना, त्याच्या आदल्या दिवशीच कलला व्हता. तू वाकून बगत व्हतास, मना वाटला, आता यो वलखनार, आनि सगल्यांपुडं हिचा नाव घेनार. तू छिन्नी म्हनलास, आनि माजा जीव भांड्यात पडला."

गणपतीच्या कारखान्यात कोणीतरी रेडिओ लावला होता.

"त्या दुपारी तो बाकड्यावर बसला व्हता. लोक जमली, पन हात उचलायला कोन तयार नव्हता. भायेरचा मानूस, कोन उचलल? पैला हात मी उचलला. मी मारला म्हनून बाकीच्यांनी मारला. माज्या घराकडं कोनी बगू नये म्हनून." मग त्यांनी विचारलं, "तो हाय का रं कुटं? जाऊन पाय धरीन म्हनतो."

"गेला अण्णा. रोह्याला वारला."

ते उठले आणि एसटी स्टँडकडं चालायला लागले. मी त्यांना सोडायलाही उठलो नाही. राग कोणाचा करावा, हेच मला कळेना. मी खूण सांगितली, तिनं तोंड उघडलं नाही, यांनी पहिला हात उचलला. तिघांनीही एका बाकड्यासाठी केलं, आणि त्या बाकड्याला आपलं म्हणून बसणारा एकटा सदूच होता.

पारूमावशीचं बाकडं मी केलं. पायांत खडी ठासली, टोकं फाकवून गाडली, नाव उठवलं, पुढं काही घातलं नाही. सवयीनं हात पट्टीखाली गेला, तीन थेंब टाकले.

पुढच्या पावसाळ्याआधी ते बाकडं गेलं. पाय तसेच उभे ठेवून वरचं सगळं इलेक्ट्रिक कटरनं कापून नेलं होतं. आता चोरांकडंही माझ्यासारखीच हत्यारं आलीत, अर्धा तास लागतच नाही. मी पेणच्या सगळ्या वखारी हिंडलो, मग नागोठण्याच्या, मग रोह्याच्या. प्रत्येक ढिगाशी वाकायचो, पट्ट्या उलट्या करून बघायचो. रोह्याच्या एका वखारीत काट्यावरचा माणूस वैतागला. "आजोबा, शोधताय तरी काय?"

"तीन थेंब," मी म्हटलं. "हे असे, ओळीनं. ज्याच्याखाली हे असतील तो माल घ्यायचा नसतो."

"असं कोणी सांगितलं?"

"सदूनं सांगून ठेवलं होतं इथल्या सगळ्यांना."

"कोण सदू?"

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, परत आलो. आता दामाअण्णाही गेले, झाकायला कोणी उरलं नाही. त्या गावातल्या कोणाच्या हाती हा अंक पडला, तर देवळापाशी चारचौघांत मोठ्यानं वाचा. सदूनं त्या बाकड्याला हात लावला नव्हता. तो तिथं भाकरी खायला बसायचा.